सदर ठिकाणी चिंच आढळून आली नाही

आयुष्यात माझ्याशी सगळ्यात आदराने कोण बोललं असेल, तर ते एका सरकारी खात्याचं सोशल मीडियावरचं अकाउंट. भिवंडीजवळ वडप्याच्या गोडाऊनमध्ये मी डिस्पॅचला बसते, तिथले ड्रायव्हर मला ‘ओ मॅडम, जल्दी करो’ म्हणतात. घरी आई ‘ऐकू येतं का गं?’ अशी हाक मारते. या अकाउंटने मात्र मला ‘माननीय महोदया’ म्हटलं. खात्याचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं तर ते इथेही येतील आणि ‘आपल्या बहुमूल्य प्रतिक्रियेबद्दल आभार’ मानून जातील, आणि माझं डोकं पुन्हा फिरेल.

झालं असं की आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक गटार आडवं जातं आणि त्यावर सिमेंटचा ढापा होता. वडप्याकडे निघालेला एक कंटेनर फोनवरच्या नकाशाचं ऐकून आमच्या गल्लीत शिरायला बघत होता. गल्लीत रिक्षासुद्धा आरसे मिटून येते. मागचं चाक ढाप्यावर आलं आणि ढापा मधोमध खचला. ड्रायव्हर उतरला, त्याने खड्ड्याकडे बघितलं, फोनकडे बघितलं, फोनला एक सणसणीत शिवी घातली आणि गाडी मागे घेऊन निघून गेला. गल्लीने मग त्यालाही एक शिवी घातली. ढापा काही त्याने वर आला नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझे बाबा त्या खड्ड्यात पडले. म्हणजे एक पाय आत गेला, मांडीपर्यंत. नडगी सोलवटली, चप्पल गटारात वाहून गेली. लोकांनी धरून घरी आणलं तेव्हा बाबा एवढंच म्हणाले, “मना काय झालेला न्हाय. चप्पल गेली फकस्त.” आईने हळद लावली आणि आमची सगळ्यांची समजूत झाली की विषय संपला.

विषय संपला नव्हता. गटाराच्या पलीकडे, वळणावर, चाचांचं घर होतं.

बाबा जन्मभर लूमवर जॉबर होते. लूम बिघडला की दुरुस्त करायचा, हे त्यांचं काम. चाचा त्याच कारखान्यात विणायचे. ते तरुणपणी उत्तरेकडून आले आणि इथलेच झाले. दोघांनी सगळी शिफ्ट-ड्युटी एकत्र काढली आणि दोघांनी आपापले कान त्या खडखडाटाला देऊन टाकले. कारखाना कायमचा सुटल्यावर बाबा रोज संध्याकाळी चाचांच्या ओट्यावर जायचे. चाचांचे गुडघे गेलेले, त्यामुळे जायचं बाबांनीच. तिथे चहा व्हायचा आणि दोघं एकमेकांवर ओरडत बोलायचे. वाटेने जाणाऱ्या नवख्या माणसाला वाटावं की आता मारामारी होणार. खरं तर विषय असायचा, चहात आलं कमी पडलंय.

लूमच्या आवाजात तोंडाने बोलून उपयोग नसतो, म्हणून तिथली माणसं हाताने बोलतात. दोन बोटं अशी केली की धागा तुटला, मनगट असं फिरवलं की मालक आला. ओरडून भागलं नाही की बाबा आणि चाचा या हातांच्या भाषेवर यायचे. त्या भाषेत ते मालकाबद्दल काय काय बोलायचे ते मला लहानपणापासून कळतं आणि इथे लिहिता येत नाही.

पडल्यापासून बाबा बाहेर जायचे बंद झाले. दुसरा रस्ता मोठ्या नाक्याला वळसा घालून, ट्रकांच्या मधून जातो. तिकडे त्यांना पाठवायची आमचीच छाती नव्हती. फोन करून दिला तर दोघांना काही ऐकू येईना. मग मला अक्कल सुचली आणि मी व्हिडिओ कॉल लावून दिला. बाबा हात हलवून बोलायला तयार होऊन बसले, तर चाचांनी सवयीने फोन कानाला लावला. बाबांना बराच वेळ चाचांचा कान दिसत राहिला. “केसं गेलंत त्याचं कानावरचं,” बाबा म्हणाले, आणि फोन माझ्या हातात देऊन भिंतीकडे तोंड करून झोपले. तेव्हा मी ठरवलं की हा ढापा बसवून घ्यायचाच.

गोडाऊनमधल्या एका बाईने सांगितलं, “ऑफिसात जाऊ नकोस, तिथे कोणी विचारत नाही. ऑनलाइन टाक. सगळ्यांच्या समोर असतं ना, ते लोक घाबरतात.” मी खड्ड्याचा फोटो काढला, बाबांच्या नडगीचा काढला, आणि चार ओळी लिहून खात्याला टॅग करून टाकल्या. चहा उकळायच्या आत उत्तर आलं. ‘माननीय महोदया, आपणांस झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. आपल्या तक्रारीची गांभीर्याने नोंद घेण्यात आली आहे.’ खाली हात जोडल्याचं चित्र.

मी ते आईला वाचून दाखवलं. आई थक्क झाली. “कोन गं ह्यो? किती मोठ्यांच्या घरचा वाटतो.”

“आई, हे सरकार आहे.”

“असू दे. वळण चांगला हाय.” आणि तिने मला त्यालाही हात जोडल्याचं चित्र पाठवायला लावलं.

पुढचा निरोप आला: ‘कृपया अचूक ठिकाण व जवळची ठळक खूण कळवावी.’ इथे आमच्या गावाची गोची सुरू होते. भिवंडीत पत्ता म्हणजे पूर्वी काय होतं ते. जळून गेलेल्या सायझिंगच्या कारखान्यासमोर उतरा, मग बुजवलेल्या विहिरीकडून आत या, अशी आम्ही पाहुण्यांना वाट सांगतो, आणि पाहुणे भिवंडीचेच असले तर बरोबर पोचतातसुद्धा. आमच्या गल्लीच्या तोंडाला सगळे ‘चिंच’ म्हणतात. रिक्षावाले म्हणतात, दूधवाला म्हणतो, लग्नपत्रिकेत छापलेलं असतं. ती चिंच माझ्या जन्माच्या आधीच तोडली. मी काही विचार न करता लिहिलं: ‘चिंचेखाली, गल्लीच्या तोंडाशी.’

चार-पाच दिवस ते अकाउंट दुसऱ्याच कामात होतं. कुठल्या तरी दिनाच्या शुभेच्छा आल्या, मग हात स्वच्छ कसे धुवावेत याची चित्रफीत आली. तिच्याखाली एकाने लिहिलं होतं, ‘नळाला पाणी कधी?’ त्यालाही उत्तर होतं, ‘आपल्या सूचनेचे स्वागत आहे.’ माझ्या तक्रारीखाली अनोळखी लोक येऊन बसले होते. एकाने आपल्या गल्लीचा खड्डा टाकला, दुसऱ्याने त्याहून मोठा टाकला, आणि तिसऱ्याने लिहिलं, ‘गाळा भाड्याने मिळेल, लाइट-पाणी सोय.’

आणि मग उत्तर आलं. ‘महोदया, प्रत्यक्ष स्थळपाहणी केली असता सदर ठिकाणी चिंच आढळून आली नाही. वृक्ष विनापरवाना तोडल्याची शक्यता विचारात घेऊन आपली तक्रार वृक्ष विभागाकडे वर्ग करण्यात येत आहे. पर्यावरणाविषयीच्या आपल्या तळमळीचे कौतुक.’

मी स्वयंपाकघरातच किंचाळले. आई म्हणाली, “काय झाला? परत दिलगीर झाले का?”

मी भराभर लिहिलं की झाडाचा काही संबंध नाही, झाड फक्त पत्त्यात आहे, मला ढापा पाहिजे. पण तक्रार वर्ग झाली की झाली. माहेरी परत यायला तिला पुन्हा सगळे सोपस्कार लागतात. तोवर गल्लीने नेहमीचं केलं. आपल्याकडे उघडा खड्डा दिसला की लोक त्यात झाडाची फांदी खोचतात, कोणी पडू नये म्हणून. कोणीतरी सुबाभळीची चांगली माणूसभर उंच फांदी आणून खोचली आणि वर लाल कापडाची चिंधी बांधली. फांदी ताजी होती, पानं टवटवीत होती. लांबून बघितलं तर खरंच बरं वाटत होतं.

वृक्ष विभाग नेमका त्याच दिवशी आला. मी कामावर होते. संध्याकाळी घरी येताना फोन वाजला: ‘महोदया, सदर ठिकाणी वृक्ष सुस्थितीत असल्याचे आढळून आले. छायाचित्र सोबत जोडले आहे. तक्रार निकाली काढण्यात येत आहे.’ छायाचित्रात सुबाभळीची फांदी होती, तिची लाल चिंधी वाऱ्यावर उडत होती, आणि बाजूला एक माणूस झाडाकडे बोट दाखवून उभा होता. त्याचा पाय खड्ड्यापासून वीतभर लांब होता. खाली सात-आठ जणांनी अंगठे दाखवले होते. एकाने ‘हिरवी भिवंडी’ असंही लिहिलं होतं.

मी बाबांना फोटो दाखवला. पडल्यापासून ते पहिल्यांदा हसले. हसता हसता ठसका लागला. “ह्यो त्याला दाखवला पायजे,” म्हणाले. त्याला म्हणजे चाचांना. मग हसू गेलं आणि ते खिडकीशी जाऊन बसले. त्या खिडकीतून चाचांचं घर दिसत नाही, नुसतं वळण दिसतं.

दुसऱ्या दिवशी मी हाफ डे टाकला आणि खात्याच्या ऑफिसात गेले. आता आदर पुरे, असं माझं मत झालं होतं. खिडकीपाशी पन्नाशीचे एक गृहस्थ बसले होते. चष्मा कपाळावर, समोर चहा, हातात मोबाइल. मी म्हटलं, “नमस्कार.”

“काय आहे?” वर न बघता.

“ढाप्याची तक्रार आहे.”

“इथे नाही होत. ऑनलाइन टाका.”

“टाकली. तुम्ही ती झाडांकडे पाठवली. झाडांनी बंद केली.”

“मग परत टाका.”

“मी समोर उभी आहे ना!”

“समोरचं इथे येत नाही मॅडम. मोबाइलवर जे येतं ते साहेब बघतात. समोरचं कोण बघतो?”

मी तिथेच, जाळीला टेकून, फोन काढला आणि नवी तक्रार लिहिली. पाठवल्याबरोबर आतमध्ये टिंग असा आवाज झाला. त्या गृहस्थांनी चष्मा खाली घेतला, मोबाइल डोळ्यांजवळ नेला आणि दोन अंगठ्यांनी टाइप करायला लागले. माझा फोन वाजला. ‘माननीय महोदया, आपणांस झालेल्या मनस्तापाबद्दल दिलगीर आहोत.’

मी जाळीतून आत बघितलं. ते मान खाली घालून बसले होते.

“ते तुम्हीच आहात?” मी विचारलं.

“काय आहे?” ते म्हणाले.

मी लिहिलं: ‘आपण आत्ता माझ्याशी नीट बोलत नाही आहात.’ टिंग. त्यांनी वाचलं, एक घोट चहा घेतला, लिहिलं. ‘कर्मचाऱ्यांच्या वर्तनाबाबत आपली नाराजी संबंधितांच्या निदर्शनास आणून देण्यात येईल.’ संबंधित तेच होते. त्यांच्या निदर्शनास ती आली असावी, कारण त्यांनी पायाने एक स्टूल माझ्याकडे सरकवलं. रांगेतली माणसं आता आमच्याकडे बघायला लागली होती.

मी बसले. मग लिहिलं की माझे वडील त्या खड्ड्यात पडले, तेव्हापासून मित्राकडे जाता येत नाही, मित्राला चालता येत नाही, दोघांना फोनवर ऐकू येत नाही, आणि मला दुसरं काही नको, ढापा हवा आहे. हे वाचायला त्यांना वेळ लागला. चष्मा पुन्हा कपाळावर ढकलला आणि या वेळी तोंडाने म्हणाले, “चिंच म्हणजे आपली ती चिंच? जॉबर लोकांच्या गल्लीची?”

“तीच.”

“अहो, मग तसं बोला ना! लहानपणी आम्ही दगड मारायचो तिला. लाल चिंच होती.”

“तुम्हाला माहीत होतं? मग सदर ठिकाणी आढळून आली नाही, असं का लिहिलंत?”

“नाही आढळली तर काय लिहू? आहे लिहून मी मरू का?” ते चिडले. “असं करा, आता पत्त्यात चिंच घालू नका. विजेच्या खांबाचा नंबर घाला. आणि फोटो काढताना ती फांदी आधी बाजूला काढा.”

मला त्यांचा राग यायला हवा होता आणि तो आलाच. पण तो माणूस दिवसभर शेकडो लोकांना माननीय म्हणतो आणि खिडकीवर आलेल्याला द्यायला त्याच्याकडे काही उरत नाही, हेही मला दिसलं. मी खांबाचा नंबर घातला.

ढापा आला. खरंच आला, टेम्पोतून. तो बसवताना माणसं दोन होती आणि बसवल्यावर फोटोत आठ होती. आठही जण ढाप्याकडे बोट दाखवत होते. अकाउंटवर आधीचा फोटो, नंतरचा फोटो, आणि मला निरोप: ‘आपली तक्रार दूर करण्यात आली आहे. कृपया आपले समाधान ताऱ्यांच्या स्वरूपात नोंदवावे.’ आईने देवापुढे साखर ठेवली. मी बाबांना म्हटलं, “बाबा, झाला ढापा. आज जा चाचांकडे.”

“आज नको,” बाबा म्हणाले. “सिमेंट कच्चा हाय. पानी मारला पायजे.”

आणि त्यांनी पाणी मारायला घेतलं. सकाळ-संध्याकाळ बादली घेऊन जायचे, कडेला उभे राहायचे, ढाप्यावर पाणी टाकायचे आणि परत यायचे. ढापा कारखान्यातूनच तयार होऊन आला होता, त्याला पाण्याची गरज नव्हती. हे जन्मभर लोखंड आणि सिमेंट बघितलेल्या माणसाला कळत नव्हतं, असं कसं म्हणू? मग म्हणाले, कडेची फट भरायला हवी. ती बोटांनी चाचपत भरली. मग म्हणाले, नवी चप्पल चावते. मग म्हणाले, उद्या.

कामावरून येताना चाचांनी ओट्यावरून मला हात केला. “बिटिया, ढक्कन लग गया ना?”

“हो चाचा, लग गया.” मोठ्याने ओरडले.

“फिर तेरा बाप किधर है?”

‘आते हैं’ असं हाताने केलं आणि निघून आले. येताना मी ढाप्यावर मुद्दाम थांबून बघितलं. नव्या सिमेंटचा रंग आणि रस्त्याचा रंग एकच होता. मला कड दिसत होती. बाबांना ती दिसत नव्हती. बादली घेऊन ते जिथे थांबायचे, तिथून पुढे त्यांना सगळंच सारखं दिसत होतं, आणि कुठे खड्डा आहे, कुठे नाही, ते त्यांना कळत नव्हतं. हे मला तेव्हा, इतक्या उशिरा कळलं. खड्ड्याची तक्रार करता येते. याची कुठे करायची?

घरी जाऊन मी काही गोड बोलले नाही, माझा स्वभाव तो नाही. मी विचारलं, “बाबा, तुला दिसत नाय ना नीट?”

बाबा भडकले. आईवर ओरडले, माझ्यावर ओरडले, ढापा वाकडा बसवलाय म्हणाले, खात्यावर ओरडले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी आले तर बाबा दारात तयार उभे होते. इस्त्रीचा शर्ट, केसांना पाणी लावलेलं. “चल,” म्हणाले, “उजेड हाय तवा.” मी पर्ससकट तशीच वळले. गल्लीभर ते माझ्या पुढे चालले, ताठ. ढाप्यापाशी आले आणि थांबले. माझ्याकडे बघितलं नाही. नुसता हात मागे केला, अंधारात दिव्याचं बटण शोधावं तसा हवेत फिरवला. मी तो धरला. माझ्या बापाचा हात मी शेवटचा कधी धरला होता, आठवत नाही. तो घामाने ओला होता. एक पाऊल, दुसरं, आणि पलीकडच्या रस्त्याला पाय लागल्याबरोबर त्यांनी हात सोडून दिला आणि खिशातून रुमाल काढल्यासारखं केलं.

चाचांनी ओट्यावरून बघितलं आणि जवळजवळ उभे राहिले. “अबे, मर गया था क्या? कितने दिन हो गए!”

“क्या करूँ यार,” बाबा वळणावरूनच ओरडले, “सरकारी काम था! जानता है ना, कितना टाइम लगाते हैं वो लोग. आज जाके हुआ!”

“सब के सब निकम्मे हैं!” चाचा ओरडले.

“एक नंबर के!” बाबा त्यांच्या शेजारी बसत म्हणाले.

मग दोघांनी मिळून त्या खात्याचा जो उद्धार केला, तो आधी ओरडून आणि मग हातांनी. खात्याची बाजू घेऊ शकणारी तिथे मी एकटीच होते, आणि मी चहात आलं घालायला आत गेले.